जुनें नेमबाजीचें पिस्तूल

जुनी वस्तु पारखून घेण्याची कला आपल्याकडील मध्यम स्थितींतील गृहस्थाला अपरिचित नाहीं. हार्मोनियमची पेटी घेतांना तो भाता दाबून पाहतो, शिवणयंत्राचें चाक हातानें फिरवून पाहतो; आणि घोडा घेणारे लोक तर घोड्याचे दांत पाहिल्यावांचून बयाणा देत नसत. या सर्व परीक्षांत एक गोष्ट समान असते. वस्तु आज कशी दिसते यापेक्षां आजपर्यंत तिच्यावर काय काय गुजरलें, हें घेणाऱ्याला हवें असतें. अमेरिकेंतील एखाद्या लहान गांवच्या बंदुकांच्या दुकानांत, कांचेच्या कपाटांत ठेवलेलें पॉइंट टू टू जातीचें जुनें नेमबाजीचें पिस्तूल पाहून जें गिऱ्हाईक थबकतें, त्याची अडचण नेमकी हीच असते. पोलाद निळसर चमकत असतें, अक्रोडाच्या लांकडाची मूठ हाताळून गुळगुळीत झालेली असते, किंमत नव्याच्या निम्मी असते. आणि पूर्वीच्या मालकानें तें केवळ रविवारीं वापरलें, असें दुकानदार शपथेवर सांगत असतो. घ्यावें कीं न घ्यावें? हा प्रश्न वरवर पाहतां खिशाचा दिसतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. त्या पिस्तुलाचा जन्म कोणत्या सालीं झाला, त्या सालीं काडतुसें कशीं होतीं, तें करणारी कंपनी आज आहे कीं बुडाली, आणि पुढें खेळाचे नियम व देशाचा कायदा कोणत्या दिशेनें वळले, याचा उलगडा झाल्यावांचून त्या प्रश्नाचें उत्तर सांपडत नाहीं.

या पिस्तुलांची कुळकथा पिस्तुलापासून नव्हे, काडतुसापासून सुरू होते. १८४५ च्या सुमारास पॅरिस येथील लुई-निकोला फ्लोबेर नांवाच्या बंदूककारानें एक युक्ति काढली. त्या काळीं बंदुकीची दारू पेटविण्यासाठीं तांब्याची एक लहानशी टोपी वापरीत. तिच्यांत आघातानें पेटणारें मिश्रण असे. फ्लोबेरनें त्या टोपीच्याच तोंडावर शिशाची बारीक गोळी बसविली. निराळी दारू नाहीं, निराळी खटपट नाहीं. टोपीच्या जोरावरच गोळी उडावयाची. दिवाणखान्यांत पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं नेमबाजी करण्यापुरती ती शक्ति पुरेशी होती. अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील होरेस स्मिथ व डॅनियल वेसन या जोडीनें १८५७ सालीं ती कल्पना पुढें नेली. त्यांनीं टोपीची लांबी वाढवून तींत दारू भरली, आणि आघाताचें मिश्रण तळाच्या पोकळ कांठांत गोलाकार पसरून ठेवलें. हेंच पुढें ‘शॉर्ट’ या नांवानें प्रसिद्धीस आलेलें काडतूस. त्याचा थोरला भाऊ, ‘लाँग रायफल’, १८८७ सालीं स्टीव्हन्स कंपनीनें बाजारांत आणला, आणि नेमबाजीच्या मैदानावर आजही त्याचेंच राज्य आहे.

इंग्रजींत या जातीला रिमफायर म्हणतात. मराठींत कांठावर पेटणारें काडतूस असें म्हणतां येईल. घोडा पडला कीं ठोक्याची सुई काडतुसाच्या मधोमध लागत नाहीं, कडेला लागते. कांठ चेपतो, आंतील मिश्रण चिरडतें व पेटतें. कांठ चेपावयाचा म्हणून पत्रा पातळ हवा. पत्रा पातळ म्हणून आंतील दाब बेताचाच ठेवणें भाग पडतें. आणि दाब बेताचा म्हणून हिसका थोडा, आवाज थोडा व खर्चही थोडा. गोळीचा व्यास इंचाच्या सुमारें बावीस शतांशांइतका. सरावाला याहून सोयीचें काडतूस अद्याप निघालें नाहीं. उणीव एवढीच कीं, एकदां उडालेलें टरफल पुन्हा भरतां येत नाहीं.

अमेरिकेंतील पिस्तूल-नेमबाजीच्या ठराविक पूर्ण सामन्यांत २७० गोळ्या झाडाव्या लागतात. त्यांपैकीं ९० पॉइंट टू टूच्या, ९० मध्यावर पेटणाऱ्या काडतुसांच्या व ९० पॉइंट फोर फाइव्हच्या. प्रत्येक गोळीला अधिकांत अधिक दहा गुण, म्हणून सामना २,७०० गुणांचा. मोठ्या काडतुसांचा खर्च सर्वांना झेपत नाहीं. पुष्कळ नेमबाज वर्षभर लहान काडतुसावरच हात बसवितात, आणि मोठें पिस्तूल सामन्यापुरतें बाहेर काढतात. तेव्हां जुनें पॉइंट टू टू पिस्तूल घेऊं पाहणारा मनुष्य बहुधा शोभेच्या वस्तु जमविणारा धनिक नसतो. तो कारकून असतो, शिक्षक असतो, कारखान्यांतील फोरमन असतो. त्यानें पगारांतून शिल्लक टाकलेली असते, आणि त्याची निवड चुकली तर त्याचा एक सबंध हंगाम वायां जातो. क्वचित् प्रसंगीं पैशापेक्षांही अधिक कांहीं गमावण्याची वेळ येते. तें कसें, हें पुढें येईलच.

पिस्तूल हातांत घेतल्यावर तें रिकामें आहे कीं नाहीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें, हा अर्थातच पहिला संस्कार. त्यानंतर जाणता मनुष्य काडतूस बसण्याच्या घराच्या तोंडाशीं पाहतो. सुई कडेवर मारा करते हें वर सांगितलेंच. आंत काडतूस असतां तिचा ठोका मऊ पितळेवर बसतो. काडतूस नसतां कांहीं पिस्तुलांत तोच ठोका नळीच्या पोलादी कडेवर बसतो. पूर्वीच्या मालकाला घरीं बसून नुसताच चाप ओढण्याची खोड असेल, तर त्या कडेवर एक लहानशी खांच पडलेली असते. खांच खोल असली तर कडेचें पोलाद आंत सरकून काडतूस नीट बसत नाहीं, अगर उडालेलें टरफल बाहेर निघत नाहीं. रविवारींच वापरलें, असें सांगणाऱ्या दुकानदाराला ही खांच परस्पर उत्तर देते. अलीकडील पुष्कळ नेमबाजीच्या पिस्तुलांची घडण अशी आहे कीं, रिकाम्या घरावर चाप ओढल्यानें तीं बिघडत नाहींत. परंतु जुन्यांविषयीं तसें गृहीत धरतां येत नाहीं.

पुढें नळीच्या आंत प्रकाश सोडून पाहावयाचें. येथें एक चमत्कारिक इतिहास आहे. शिशाच्या मऊ गोळीनें पॉइंट टू टूची नळी सहसा झिजत नाहीं. साफ करणाऱ्यानें निष्काळजीपणें गज घातला तर त्या गजानेंच ती अधिक झिजते. असें असतां विसाव्या शतकाच्या आरंभींच्या पिस्तुलांच्या नळ्या आंतून देवीचे व्रण पडावे तशा खडबडीत कां दिसतात? त्याचें कारण गोळी नव्हे, ठिणगी. त्या काळच्या आघाताच्या मिश्रणांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळालें म्हणजे आपल्या सैंपाकांतील मिठाच्या जातीचाच एक क्षार नळींत उरतो, आणि मीठ जशी पावसाळ्यांत हवेंतील ओल ओढून घेतें तसाच तोही घेतो. जुन्या काळ्या दारूच्या दिवसांत यानें फारसें बिघडत नसे. ती दारू इतकी काजळी धरी कीं, नळी ऊन पाण्यानें धुतल्यावांचून गत्यंतरच नसे, आणि त्या पाण्यांत क्षारही विरघळून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. नळी स्वच्छ दिसूं लागली. लोक पाण्याऐवजीं तेलाचा बोळा फिरवून समाधान मानूं लागले. पण क्षार तेलांत विरघळत नाहीं. तेलाच्या थराखालीं तो आपलें काम निमूटपणें करीत राहिला. सुधारणेमुळेंच हानि वाढावी, असा हा प्रकार! १९२६-२७ च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीनें ‘क्लीनबोअर’ नांवाचीं, गंज न चढविणारीं काडतुसें काढलीं व इतरांनींही तोच मार्ग धरला. यामुळें १९३० पूर्वींचें पिस्तूल व त्यानंतरचें पिस्तूल यांच्या नळ्या तपासतांना मनांत निरनिराळा संशय धरावा लागतो. जुन्याची नळी स्वच्छ निघाली, तर पूर्वीचा मालक खरोखरच मेहनती होता, असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां एका विशिष्ट पिस्तुलाची हकीकत पाहणें उपयुक्त होईल, कारण जुन्या मालाच्या बाजारांत त्याच्याइतकी विचारणा थोड्यांचीच होते. कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड येथील कोल्ट कंपनीनें १९१५ सालीं पॉइंट टू टूचें आपोआप भरणारें एक पिस्तूल काढलें. त्याची मूळ रचना जॉन मोझेस ब्राउनिंग यांची. हा यूटा संस्थानांतील मॉर्मन बंदूककाराचा मुलगा. विसाव्या शतकांतील निम्म्याहून अधिक प्रसिद्ध स्वयंचलित हत्यारांवर त्याच्या बुद्धीची छाप आहे, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं. लांबट सडपातळ नळी, मुठींत दहा काडतुसांची पेटी, आणि बोट उगारून दाखवावें तसा हातांत सहज येणारा तोल. असें तें पिस्तूल होतें. १९२७ सालीं कंपनीनें त्याला ‘वुड्समन’, म्हणजे रानांत वावरणारा, असें नांव दिलें. १९७७ पर्यंत तें निघत राहिलें, आणि तोंवर साडेसहा लाखांहून अधिक नग तयार झाले. इतकीं पिस्तुलें जगांत असल्यावर जुन्या मालाच्या दुकानांत तीं वारंवार यावींत यांत नवल नाहीं.

या वुड्समनच्या पोटांत एक घात दडलेला आहे, आणि तो बाहेरून पाहणाऱ्याला सहसा कळत नाहीं. या पिस्तुलांत नळीचा मागचा भाग कुलूप लावून बंद केलेला नसतो. काडतूस उडालें कीं टरफल मागें रेटलें जातें, तें वरच्या सरकत्या पोलादी भागाला मागें ढकलतें. तो भाग कमान दाबीत येतो, आणि अखेरचा तडाखा मुठीच्या मागील बाजूस बसविलेल्या एका पोलादी तुकड्यावर झेलला जातो. १९१५ सालीं हा तुकडा जेवढ्या कणखरपणाचा केला, तेवढा त्या वेळच्या काडतुसांना पुरत होता. त्या काडतुसांची गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपास, बहुधा त्याच्या खालीं, जात असे. परंतु १९३० सालीं रेमिंग्टननें जलद काडतूस बाजारांत आणलें. लांब नळीच्या रायफलींतून त्याची गोळी सेकंदाला सुमारें १,२५० फूट जाऊं लागली. शिकारी खूष झाले. इतर कंपन्यांनीं अनुकरण केलें. आणि हीं काडतुसें आकारानें जुन्यांसारखींच असल्यामुळें तीं जुन्या वुड्समनमध्यें बिनतक्रार बसूं लागलीं. बसत होतीं, पण सोसत नव्हतीं. सरकता भाग अधिक जोरानें मागें येऊं लागला, आणि तो झेलणारा तुकडा चेचूं लागला, तडकूं लागला.

कोल्टनें १९३२ च्या सुमारास त्या तुकड्याची घडण व पोलादाची भट्टींतील प्रक्रिया बदलली. हा बदल ८३,७०० च्या पुढेंमागें असलेल्या क्रमांकांपासून झाला, असें जाणते लोक सांगतात. सुदैवानें ओळखण्याची एक खूणही आहे. मुठीच्या मागें, अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यांत जो भाग येतो, त्यावर जुन्या तुकड्यांत चौकडीची नक्षी असते. नव्यांत आडव्या सरळ रेघा असतात. चौकडी म्हणजे मंद काडतूस, रेघा म्हणजे जलदही चालेल. इतकें लक्षांत ठेवलें तरी पुरे. पण येथेंही एक पेंच आहे. नवा तुकडा जुन्या पिस्तुलाला बसवितां येतो, आणि जुना तुकडा नव्यालाही कोणी बसविला असेल. म्हणून क्रमांक व नक्षी हीं दोन्ही पाहिलीं पाहिजेत. चौकडीचा तुकडा असलेलें पिस्तूल वाईट असें मुळींच नव्हे. नेमबाजीच्या सामन्यांत मंद काडतूसच पसंत करतात. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खालीं येतांना गोळी डळमळते, तें नेमबाजाला नको असतें. वाईट तें अज्ञान. शंभर वर्षांचें पिस्तूल घेऊन येणारा मनुष्य वाटेंत कोपऱ्यावरच्या दुकानांतून जें मिळेल तें जलद काडतूस उचलतो, आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर पोलाद फोडून घेण्याची तयारी करतो.

संग्राहक व नेमबाज यांच्या दृष्टींतील भेदही या वुड्समनच्या बाजारांत स्पष्ट दिसतो. संग्राहकाला मूळचा निळा रंग हवा असतो, मग तो विटलेला कां असेना. कोणी हौसेनें पिस्तूल पुन्हा घांसून नवा रंग चढविला कीं त्याच्या लेखीं तें जवळजवळ मातीमोल होतें. नेमबाजाला याचें सुतक नाहीं. त्याला नळी शुद्ध हवी, चापाचा ओढ एकसारखा हवा, माशी हलती नको. तेव्हां पुन्हा रंगविलेलें पण आंतून निर्दोष पिस्तूल संग्राहकाच्या नाक मुरडण्यामुळें स्वस्त पडलेलें असेल, तर नेमबाजानें तें आनंदानें उचलावें. उलट १९३८ सालीं निघालेलें जड नळीचें ‘मॅच टार्गेट’ वुड्समन मूळ रंगांत मिळालें, तर त्याची किंमत संग्राहकांनीं इतकी चढविलेली असते कीं, तें रोज मैदानावर नेऊन घामट हातांनीं वापरणें हाच एक उधळेपणा ठरतो.

कोल्टचें पिस्तूल घडविण्यांत हातकाम पुष्कळ होतें, आणि युद्धानंतर मजुरी वाढली. १९४९ सालीं त्याच कनेक्टिकट संस्थानांत, साउथपोर्ट येथें, विल्यम रूगर व अलेक्झांडर स्टर्म या दोन तरुणांनीं स्टर्मच्या ५०,००० डॉलरांच्या भांडवलावर नवा कारखाना काढला. पिस्तुलाचा सांगाडा अखंड पोलादांतून कोरून काढण्याऐवजीं त्यांनीं पत्र्याचे दोन अर्ध साच्यांत दाबून जोडले. किंमत ठेवली साडेसदतीस डॉलर. जाणत्यांनीं प्रथम पत्र्याला हंसून घेतलें. मग पिस्तूल उडवून पाहिलें, आणि हंसणें थांबलें. स्टर्म १९५१ सालीं अकालीं वारला व कारखान्याच्या चिन्हांतील लाल गरुड काळा झाला. लाल गरुडाचीं पिस्तुलें संग्राहकांनीं पळविलीं. काळ्या गरुडाचीं मात्र साध्या माणसासाठीं बाजारांत उरलीं, आणि जुन्या मालांत तींच बहुधा सर्वांत निर्धोक ठरतात. तीं भक्कम आहेत, आणि त्यांचा कारखाना चालू आहे.

कारखाना चालू असणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. खोल भोंकें पाडण्याचीं अवजारें करणाऱ्या हाय स्टँडर्ड कंपनीनें १९३२ सालीं एक बुडीत पिस्तूल-कारखाना विकत घेतला, आणि पुढें इतकीं सुबक पिस्तुलें काढलीं कीं, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें अमेरिकेच्या विल्यम मॅकमिलननें वेगवान नेमबाजींत सुवर्णपदक मिळविलें तें याच कंपनीचें पिस्तूल घेऊन. परंतु १९८४ सालीं मूळ कंपनी बंद पडली. आज तिचें पिस्तूल घेणाऱ्यानें किंमत विचारण्याआधीं, सोबत काडतुसांच्या पेट्या किती, हें विचारावें. त्या पेटीच्या ओठांचा कोन केसभर बिघडला तरी काडतूस अडकतें, आणि मूळच्या पेट्या दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालल्या आहेत. जर्मनींतील वॉल्थर कंपनीच्या ‘ऑलिंपिया’ पिस्तुलाची कथा याहून विलक्षण. १९३६ सालीं बर्लिन येथें कॉर्नेलियस फान ओयेननें त्यावर सुवर्णपदक मिळविलें. युद्धांत वॉल्थरचा कारखाना गेला. आणि तीच रचना पुढें स्वित्झर्लंडांतील लेंझबुर्ग येथील हेमर्ली कंपनीनें परवान्यानें चालविली. एकच पिस्तूल, दोन देश, दोन नांवें. सुटा भाग मागविणाऱ्याला आपल्या हातांतील नग कोणत्या घरचा, हें ठाऊक असावें लागतें.

कारखाना जिवंत, नळी शुद्ध, रंग मूळचा, किंमत मात्र संशय यावा इतकी कमी. असेंही एक पिस्तूल यूरोपच्या बाजारांत दिसतें. त्याचें गूढ खेळाच्या नियमांत आहे. ऑलिंपिकमधील वेगवान नेमबाजींत चार सेकंदांत पांच निरनिराळ्या लक्ष्यांवर पांच गोळ्या झाडाव्या लागतात. तेथें हिसका जितका कमी तितकें बरें, म्हणून अनेक दशकें उत्तम नेमबाज ‘शॉर्ट’ काडतूसच वापरीत, आणि वॉल्थर, हेमर्ली आदि कंपन्यांनीं केवळ त्या काडतुसासाठीं अप्रतिम पिस्तुलें घडविलीं. २००५ पासून आंतरराष्ट्रीय संघानें नियम बदलला व ‘लाँग रायफल’ सक्तीचें केलें. एका ठरावानें तीं सारीं पिस्तुलें सामन्यांतून बाद झालीं. नियमांनीं असा तडाखा त्यापूर्वींही दिला होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें सोव्हिएट नेमबाजांनीं जणूं उलटें धरलेलें वाटावें असें एक पिस्तूल आणलें. त्याची नळी हाताच्या रेषेंत खालीं असल्यामुळें हिसक्यानें ती वर उचलली जात नसे. त्याचा कर्ता मिखाइल मार्गोलिन तरुणपणींच दृष्टि गमावलेला होता, आणि हातांनीं चाचपून नमुने घडवीत असे. डोळसांच्या नेमासाठीं अंधानें केलेली ती करामत नंतरच्या नियमांनीं मैदानाबाहेर काढली. ठराविक मापाच्या खोक्यांत मावेल तेंच पिस्तूल चालेल, असें पुढें ठरलें. ज्याला सामन्यांत उतरावयाचें आहे त्यानें चालू नियमपुस्तक खिशांत ठेवूनच दुकानांत जावें. ज्याला केवळ आपल्या समाधानासाठीं नेम धरावयाचा आहे त्याला मात्र बाद झालेल्या पिस्तुलासारखा स्वस्त राजयोग नाहीं. ‘शॉर्ट’ काडतूस हल्लीं मिळण्यास कठीण, एवढें मात्र त्यानें ध्यानांत धरावें.

मुठीविषयीं थोडें. उंची पिस्तुलांची लांकडी मूठ पूर्वीच्या मालकाच्या तळव्याप्रमाणें रंध्यानें व कानशीनें घडविलेली असते. दुसऱ्याच्या जोड्यांत पाय घालावा तसा नवा हात तींत अवघडतो. त्यांतून घेणारा डावखुरा असला तर विचारूंच नये. हंगेरीच्या सैन्यांतील कारोली टाकाच याचा उजवा हात १९३८ सालीं हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्यानें कोणालाही न सांगतां डाव्या हातानें सराव केला, १९३९ सालीं जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघांत तो होता, आणि १९४८ सालीं लंडनच्या व १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें वेगवान नेमबाजीचें सुवर्णपदक त्यानें मिळविलें. डाव्या हाताला नेम शिकवितां येतो याबद्दल आतां कोणाला शंका उरली नाहीं. उजव्या हाताची मूठ मात्र डाव्याला शिकत नाहीं, ती नवी करवून घ्यावी लागते, आणि तो खर्च जुन्या पिस्तुलाच्या किंमतींत धरावा लागतो.

राहतां राहिला कायदा. ब्रिटनमध्यें १९९६ च्या १३ मार्चला स्कॉटलंडांतील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेंत एका मनुष्यानें परवान्याच्या पिस्तुलांनीं सोळा मुलें व त्यांची एक शिक्षिका यांची हत्या केली. देश हादरला. १९९७ सालीं प्रथम झालेल्या कायद्यानें पॉइंट टू टूहून मोठीं पिस्तुलें बंद केलीं. लहान पिस्तुलें क्लबांत कुलुपाखालीं ठेवून वापरण्यास मोकळीक होती. तेव्हां कित्येक नेमबाजांना वाटलें कीं, मोठें पिस्तूल सरकारला देऊन जुनें पॉइंट टू टू घ्यावें व खेळ चालू ठेवावा. मे महिन्यांत निवडणूक झाली, सरकार बदललें, आणि त्याच वर्षीं दुसऱ्या कायद्यानें पॉइंट टू टूही बंद झालें. भरपाई मिळाली, खेळ गेला. ग्रेट ब्रिटनमधील पिस्तूल-नेमबाजांना आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या तयारीसाठीं परदेशांत जाणें भाग पडलें. सोळा मुलांच्या शेजारीं एका खेळाचें दुःख मांडूं नये, हें खरेंच. आणि बहुतेक ब्रिटिश जनतेनें तें मांडलेंही नाहीं. पण जुनें पिस्तूल घेणारा मनुष्य केवळ पोलाद घेत नाहीं, तें बाळगण्याची समाजाची परवानगीही घेत असतो, आणि ही दुसरी वस्तु दुकानदाराच्या कपाटांत नसते.

आपल्याकडे ही परवानगी फार जुन्या काळापासून अवघड आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं झालेला हत्यारांचा कायदा पुढें १९५९ च्या कायद्यानें बदलला. तरी परवान्यावांचून पिस्तूल नाहीं हें सूत्र कायम राहिलें. सामान्य परवानेदाराला तीन हत्यारें ठेवतां येत, तीं २०१९ च्या दुरुस्तीनें दोनवर आलीं. नेमबाज खेळाडूंना निराळ्या सवलती आहेत. याच मर्यादेंत राहून मुंबईच्या वरळी येथील व पुण्याच्या बालेवाडी येथील मैदानांवर पिढ्या घडल्या. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ सालीं पालेम्बांग येथें आशियाई स्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकून आली. त्या स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री, आणि तिच्या हातांतील पिस्तूल याच कांठावर पेटणाऱ्या काडतुसाचें होतें. अशा पिस्तुलाचा मालक तें दुसऱ्याला विकूं इच्छित असेल, तर त्याला जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावें लागतें, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस लोटल्यावांचून पिस्तूल हातपालट करीत नाहीं. घेणाऱ्याला हा विलंब जाचक वाटतो. परंतु तेवढ्या दिवसांत क्रमांक ताडून पाहतां येतो, नळींत पुन्हा एकदां प्रकाश सोडतां येतो, आणि काडतुसाच्या घराच्या कडेवर ती लहानशी खांच आहे कीं नाहीं, हेंही शांतपणें पाहतां येतें.